कारासावांची कावासेमी

१० सप्टेंबर

आज कारासावा शिगेओ-सानांचा अंत्यविधी झाला. पाऊस होता म्हणून माझी स्कूटर त्यांच्या सफरचंदांच्या गोदामात लावली होती. विधी आटोपून ती काढायला गेलो, तर रिकाम्या पेट्यांच्या पलीकडे एका खाकी कापडाखालून एक गोल आरसा डोकावत होता. बॉनेटच्या पार पुढच्या टोकाला बसवलेला आरसा. आमच्या खोऱ्यात असा आरसा एकाच गाडीला होता. मी कापडाचा कोपरा उचलला. फक्त कोपरा.

कावासेमी १६००. नाव खंड्या पक्ष्याचं आणि रंगही त्याच्याच पाठीचा. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. म्हणतात, तिथले इंजिनियर गाड्या विकण्यापेक्षा त्यांच्याकडे बघत बसण्यात जास्त वेळ घालवायचे. मी शाळेत होतो तेव्हा शिगेओ-सान दर रविवारी ही गाडी घेऊन घाट उतरायचे आणि मी वळणावर सायकल टेकवून उभा राहायचो. पुढे वडिलांनी माझं डोकं भादरलं आणि देऊळ माझ्या गळ्यात घातलं. गाडी केव्हाच विकली गेली असणार, असं मी धरून चाललो होतो.

मागे मित्सुए-सान येऊन उभ्या राहिल्या. नुकताच नवरा गेलेली बाई, डोळे कोरडे, हातात माझी विसरलेली छत्री.

"गुरुजी, हवी असली तर घेऊन जा हो," त्या म्हणाल्या. "भंगारवाला एक-दोन दिवसांत येतो म्हणालाय. मला पेट्या ठेवायला जागा हवीच आहे."

माझ्या अंगात काळा झगा, हातात जपमाळ. काय बोलणार?

"छे छे," मी म्हणालो. "वस्तूंचा विचार आत्ता नको. एकोणपन्नासावा दिवस होईपर्यंत गेलेल्या माणसाच्या वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नयेत. मी तर त्यांना हातही लावणार नाही."

असं कुठल्या ग्रंथात आहे ते आत्ता आठवत नाही. पण बोललो ते शोभलं. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवते म्हणाल्या.

घरी येताना भिजलो. छत्री पुन्हा तिथेच राहिली.

१३ सप्टेंबर

'नेतो' म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. आज बाकी काही घडलं नाही.

१७ सप्टेंबर

हल्ली पहिला सातवा दिवस लोक अंत्यविधीबरोबरच उरकून घेतात आणि मग थेट एकोणपन्नासावा. त्यांना सवड नसते, आणि खरं सांगायचं तर मलाही नसते. पण वडिलांच्या काळी गुरुजी दर सातव्या दिवशी घरी जाऊन पाठ करायचे. ही प्रथा मोडली याचं आज मला फार वाईट वाटलं. मित्सुए-सानांना फोन केला आणि सांगितलं, उरलेल्या प्रत्येक सातव्या दिवशी मी स्वतः येणार. 

"आमचे हे इतके पुण्यवान होते हे मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या.

रात्री जेवण वाढताना चिकाकोने विचारलं, "तुमच्या सख्ख्या आत्याचे सातवे दिवस तुम्ही कसे केले होते, आठवतंय?" मी सुपाचा वाडगा तोंडाला लावला. "फोनवर," ती म्हणाली आणि मुळ्याचं लोणचं माझ्याकडे सरकवलं. बायको होऊन माणसाला इतकं लक्षात ठेवायची काय गरज असते?

२१ सप्टेंबर

कारासावांच्या घरी पाठ. देव्हाऱ्यासमोर शिगेओ-सानांचा फोटो. गाडीतच काढलेला आहे, पण गाडी कापून टाकली आहे. कोपऱ्यात स्टिअरिंगची लाकडी कड तेवढी राहिली आहे. पाठाचा ताल धरायच्या लाकडी माशावर ठोके देत पाठ म्हणत होतो आणि डोळे त्या कडेवरून हलेनात. मला वाटतं मी एक पान दोनदा म्हटलं. मित्सुए-सानांना कळलं नाही. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

चहा झाल्यावर मीच म्हणालो, "गोदामात उंदीर-बिंदीर नाहीत ना, एकदा बघून घेऊ या."

कापड पूर्ण काढलं. मी हात मागे बांधून भोवती फिरलो. त्यांनी विचारलं, "गुरुजी, यात असं आहे तरी काय?" मग मात्र मला राहवलं नाही. बॉनेट कुठे वर येतं आणि कुठे खाली झुकतं, दारावरून मागच्या चाकापर्यंत गेलेली ती एकच रेघ, ती हातोडीने ठोकून काढणारा माणूस कंपनीत एकटाच कसा होता, त्याने आजारपणाची रजा काढली की अख्खा कारखाना कसा बसून राहायचा, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी आपला हात त्या रेघेवरून फिरवला, शेवटपर्यंत.

"मला यांनी यातलं काही सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "मी डाव्या बाजूला बसायची आणि 'दार हळू लाव' एवढंच ऐकायची."

मला त्यांची कीव आली. घरात असं रत्न, आणि त्याची पारख नाही.

२४ सप्टेंबर

विषुवाचा आठवडा, लोक पूर्वजांच्या समाधींना येतात, देवळात गर्दी. आज प्रवचन आसक्तीवर. चांगलं झालं. माणूस गंजाला घाबरतो, पण गंज बाहेरून येत नाही, तो लोखंडाच्या आतच असतो, असा दृष्टांत दिला. पुढच्या रांगेतल्या आज्या मान डोलावत होत्या.

"छान होतं," चिकाको नंतर म्हणाली. "फक्त 'कार्बोरेटर' हा शब्द दोनदा आला."

२८ सप्टेंबर

आज ती बोलली!

नवी बॅटरी मीच घेऊन गेलो होतो, झग्याच्या आत लपवून. मित्सुए-सानांना म्हणालो, इंजिन फार दिवस बंद ठेवलं तर गेलेल्यांच्या आत्म्यालाही जड जातं. त्यांनी लगेच मान्य केलं. पण किल्ली हातात घेताना माझ्याच शब्दांची आठवण त्यांनी मला करून दिली. "गुरुजी, तुम्ही तर हात लावणार नाही म्हणाला होता. मीच बसते पुढे. तुम्ही सांगा तसं करते."

मी खिडकीशी वाकून सांगत राहिलो. चोकचा खुंटा पूर्ण ओढा. अॅक्सिलरेटरवर दोनदा हलकेच दाब, तिसऱ्यांदा नाही. आता किल्ली. पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा गोदामातल्या सगळ्या पेट्या थरथरल्या आणि छपरावरचे कावळे उडाले. चोक हळूहळू आत सारायचा, एकदम नाही, गवयाचा आवाज तापावा तसं तिला तापू द्यायचं, हे मी ओरडून सांगत होतो. मित्सुए-सान दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. धूर खूप झाला होता.

२ ऑक्टोबर

आज पाठ नव्हता, पण सहज त्या बाजूला गेलो होतो. सफरचंदांवर ऊन पडावं म्हणून त्यांच्याभोवतीची पानं खुडायचं काम चालू आहे. मित्सुए-सानांनी माझ्या हातात शिडी दिली. दुपारपर्यंत खुडत होतो. मग गाडीच्या काचा पुसल्या. मी फक्त सांगितलं, त्यांनी पुसल्या.

परतताना तोफूच्या दुकानात थांबलो. दुकानदारीणबाईंनी माझ्या डोक्यावर अडकलेलं पान स्वतःच्या हाताने काढलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, या वयात किती उत्साह हो तुम्हाला." दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी एकमेकींकडे बघितलं. आपण नुसती जुनी प्रथा सुरू केली तर गावात लगेच कशी जाग येते, हे बघून बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

पाठ संपत आला होता, तेवढ्यात बाहेर एक गाडी थांबली. नागोयाहून कुराता नावाचा जुन्या गाड्यांचा व्यापारी आला होता. मित्सुए-सानांच्या भाच्याने धाडला होता. चकचकीत बूट, तोंडात गोळी. अमेरिकेत या गाड्यांना म्हणे वेड्यासारखं गिऱ्हाईक आहे.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि च् च् केलं. "बाई, हिच्यात काही दम नाही. सीटं गेली. इंजिन दुसऱ्याच गाडीचं असणार. मी नेईन, पण तुमच्यावर उपकार म्हणून."

मी आतून सुखावलो. तो जितकी नावं ठेवील तितकं मला बरं. मित्सुए-सान माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड मिटून, हात झग्याच्या बाह्यांत घालून उभा होतो. ध्यानाची इतक्या वर्षांची सवय आज कामी आली असं वाटलं.

मग तो म्हणाला, "आणि रंग तर इथल्याच कुणीतरी मारलाय. ट्रॅक्टरचा."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी बोलत होतो एवढं आठवतं. हा मूळ रंग आहे, दाराच्या आतल्या कडेला बघ. इंजिनावरचा आकडा आणि सांगाड्यावरचा आकडा जुळतो का ते कापड मारून बघ. सीटं गेलेली नाहीत, ती शिगेओ-सानांच्या पाठीच्या आकाराची झाली आहेत. देशात अशा किती उरल्या आहेत हे तुला माहीत आहे आणि म्हणून तू एवढ्या लांबून आला आहेस, इत्यादी. माझा आवाज चढला होता. गोदामातलं मांजर पळून गेलं.

कुराताने तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी नजर मी पहिल्यांदाच पाठ म्हणणाऱ्या शिकाऊ भिक्षूकडे टाकतो. मग तो मित्सुए-सानांकडे वळला आणि एकदम वेगळाच आकडा बोलला. एवढा की त्यांनी खांबाला हात टेकवला.

"विचार करून कळवते," त्या म्हणाल्या.

तो गेल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही नसता तर मी आज फसले असते."

"माझं कर्तव्यच होतं ते," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत मी माझ्या जिभेशी बोलत नव्हतो.

८ ऑक्टोबर

आसक्ती नसलेल्या माणसाने एखादी वस्तू विकत घ्यावी की नाही? घ्यावी. कारण आसक्ती असलेल्याच्या हातात ती पडली तर त्याचं नुकसान होईल. हे मी आज सकाळी ध्यानाच्या वेळी शोधून काढलं. अमेरिकेतल्या कुणाचंही नुकसान व्हावं अशी माझी इच्छा नाही.

१२ ऑक्टोबर

पाठ लवकर उरकला. मित्सुए-सानांनीच घाई केली. म्हणाल्या, चाकं एकाच जागी राहून चपटी होतील, बागेतल्या वाटेवर जरा हलवू या का? त्यांनी स्टिअरिंगवर बसण्याला माझी हरकत नव्हती. त्या इतकी वर्षं शेतातला छोटा ट्रक चालवतात. पण ट्रक चालवणं वेगळं आणि कावासेमी वेगळी, हे मी आधीच स्पष्ट केलं. मी डावीकडे बसलो.

झाडांच्या दोन रांगांमधून आम्ही गेलो. दोन्ही बाजूंना लाल फळं, काचेपासून हातभर अंतरावर. मी सांगत होतो: दुसरा गिअर म्हातारा झालाय, त्याला एका दमात ढकलू नका. क्लच दाबा, मधे सोडा, परत दाबा, मग घाला. पहिल्या खेपेला त्याने दात खाल्ले. तिसऱ्या खेपेला गेला. त्यांनी काही न बोलता पुन्हा वळवली.

त्यांना ज्ञानाची भूक फार. "शाळेपुढचं वळण असतं, तिथे कितवा लागेल?" तिसरा, मी म्हणालो. "आणि पुलानंतर?" चौथा. "आणि देवळाचा चढ? तो फार उभा आहे." तिथे दुसराच, पण आधीच घालून ठेवायचा, चढावर धडपड नको. त्या प्रत्येक उत्तराला मान हलवत होत्या. गाडी बागेबाहेर न काढताच इतका सखोल विचार करणारं माणूस मी बघितलं नव्हतं.

निघताना त्यांनी मला सफरचंदांची एक पेटी दिली. बायकोला द्या म्हणाल्या.

१५ ऑक्टोबर

संध्याकाळी मोमोसे-सान आले. आमच्या पंचमंडळाचे प्रमुख. ऐंशीच्या पुढचे, देवळातला एकेक खांब कुणी दिला हे तोंडपाठ असलेले गृहस्थ. हातात रानातल्या अळंब्यांचा डबा. चिकाको बाहेर गेली होती. ती नाही हे बघूनच ते आले असावेत.

"गुरुजी, स्पष्टच बोलतो," ते म्हणाले. "कारासावांच्या घरी तुमचं जाणं फार वाढलंय. गाव बोलतंय."

म्हणजे कळलं सगळ्यांना. पण आयुष्यभर खरं बोला म्हणून सांगणाऱ्याने आता लपवायचं कशाला?

"मोमोसे-सान, खोटं बोलत नाही. माझं मन जडलंय तिच्यावर."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "कधीपासून?"

"शाळेत असल्यापासून. रविवारी ती घाट उतरायची आणि मी वळणावर उभा राहायचो."

"शिगेओबरोबर असताना?"

"नेहमी त्यांच्याबरोबरच. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत ते."

"अहो, पण तिचं वय बघा!"

"वय झालंय, मान्य आहे. थंडीत सकाळी जरा खोकते. पण बांधा बघा अजून! हल्लीच्या नव्या सगळ्या एका साच्यातल्या. एकीला झाकून दुसरी काढावी."

मोमोसे-सानांनी चटईच्या काठाचा दोरा ओढून काढला. मग विचारलं, "आणि चिकाको-सान? त्यांना ठाऊक आहे?"

"सांगायचं धाडस होत नाही. पण तिला अडचण होणार नाही अशीच व्यवस्था करतोय. देवळामागे लाकडांसाठी पत्र्याची शेड आहे ना, तिथे जागा काढतोय."

"पत्र्याच्या शेडमध्ये?" त्यांचा आवाज अगदीच फाटला.

"शिगेओ-सानांनीही गोदामातच ठेवली होती की. हिवाळ्यात वरून जाड कापड घालीन."

ते उठलेच. दारापाशी थांबून म्हणाले, "निदान एकोणपन्नासावा दिवस तरी होऊ द्या, गुरुजी. हात जोडतो."

"हे काय सांगणं झालं? त्याआधी मी तिला कुठेही नेणार नाही. नियमच आहे माझा."

किती समजूतदार माणूस. एका शब्दाने मोडता घातला नाही. अळंब्यांचा डबा मात्र परत घेऊन गेले. विसरले असतील.

१६ ऑक्टोबर

चिकाको सकाळपासून हसते आहे. कपडे वाळत घालताना हसते, सूप ढवळताना हसते. शेवटी विचारलं.

"काही नाही. मोमोसे-सान आले होते माझं सांत्वन करायला. बिचारे रडवेले झाले होते."

"कशाबद्दल?"

"मी म्हटलं, तुम्ही मुळीच काळजी करू नका. यांचं असं असतं तर मला निदान समजलं तरी असतं." आणि पुन्हा हसत सुटली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि हे झगे आता तुम्ही धुवायचे. उदबत्तीचा वास मी सहन करते. पेट्रोलचा नाही."

म्हणजे तिलाही कळलं आहे. आणि ती रागावलेली नाही! शेडचा विषय आजच काढावा असं वाटलं होतं, पण ती परत हसायला लागली.

१९ ऑक्टोबर

आज स्पष्ट विचारायचं ठरवूनच गेलो होतो. बँकेत जाऊन आलो होतो. चिकाकोची संमती गृहीत धरली होती. पाठ झाला, चहा झाला, मी घसा साफ केला.

"गुरुजी, गाडीचं माझं ठरलंय," मित्सुए-सानच म्हणाल्या. "नागोयावाल्याला कालच नाही म्हणून कळवलं. परदेशात पाठवायची नाही. इथेच राहील, तिच्यावर माया करणाऱ्याच्या हातात."

मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

"एकोणपन्नासाव्या दिवशी तुमच्या समोरच सगळ्यांना सांगेन. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

मी घरी कसा आलो ते कळलं नाही. स्कूटर खेळण्यासारखी वाटली.

२३ ऑक्टोबर

शेड रिकामी केली. लाकडं, फुटक्या घंटेचा सांगाडा, आजोबांची पालखी, सगळं बाहेर. गावात जाऊन चांगली जाड ताडपत्री आणली. दुकानदाराने विचारलं, कशाला? म्हणालो, येतंय कुणीतरी. तो पावतीत डोकं खुपसून बसला.

२६ ऑक्टोबर

एकोणपन्नासावा दिवस. घाटावरची झाडं पेटल्यासारखी दिसत होती. नातलग देवळात जमले, मोमोसे-सान पंचमंडळासह कोपऱ्यात उभे, चेहरा मढ्यासारखा. अस्थिकलश घेऊन मित्सुए-सान येतील, पाठ होईल, मग मागच्या टेकडीवर कुटुंबाच्या समाधीत कलश ठेवायचा. मी नवा झगा घातला होता.

आधी आवाज आला. शाळेपुढच्या वळणापाशी तिसरा. पुलानंतर चौथा. मग चढाच्या तोंडाशी एक क्षण शांतता, आणि दुसरा, अगदी स्वच्छ. मी दारात उभा होतो.

कावासेमी अंगणात येऊन उभी राहिली. काचा अशा की त्यात पिवळी पानं दिसत होती. मित्सुए-सान उतरल्या. शोकाचा काळा पोशाख आणि पायात बागेत काम करायचे रबरी बूट. मग त्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन दार उघडलं. डाव्या सीटवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला कलश होता, पट्टा बांधलेला. त्यांनी पट्टा सोडवला, कलश उचलला आणि भाच्याच्या हातात दिला.

"प्रवास कसा झाला ते यांनाच विचारा," त्या म्हणाल्या. "वाटेत एकदाही बोलले नाहीत."

कुणाला हसावं की नाही हे कळेना. मोमोसे-सान हळूहळू पुढे आले. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "गुरुजी," ते कुजबुजले, "ही? ही ती?"

"दुसरी कोण?" मी म्हणालो.

त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला आणि मग ते इतके खाली वाकले की त्यांना उठवायला दोन माणसं लागली. "रेखीव आहे हो," ते म्हणत होते, "फारच रेखीव आहे." कशाची एवढी क्षमा मागत होते देव जाणे. चिकाको खांबाआड गेली होती. तिचे खांदे हलत होते.

पाठाला बसलो. समोर कलश, त्यामागे तो फोटो. आज लाकडी कडेकडे बघण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून मी माणसाकडे बघितलं. आणि आठवलं, वळणावर पोहोचले की शिगेओ-सान खिडकीतून एक हात बाहेर काढून मला हलवून दाखवायचे. दर रविवारी. एवढी वर्षं मला गाडीच आठवत होती. ठोका चुकला. कुणाच्या लक्षात आलं नसेल. मी तो परिच्छेद पहिल्यापासून म्हटला, त्यांच्यासाठी.

टेकडीवरून परतल्यावर मित्सुए-सानांनी सगळ्यांसमोर सांगितलं. गाडी विकायची नाही, त्याच चालवणार. भाचा म्हणाला, "मामी, या वयात?" त्या म्हणाल्या, "या वयातच. आधी चालवू कोण देत होतं?" मग माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, पहिल्याच दिवशी तुम्ही 'नेतो' म्हणाला असता तर मी पेट्यांसकट देऊन टाकली असती. तुमचं मन एवढं विरक्त, म्हणून ती वाचली." त्यांनी जरा वेळ रुमालाची घडी घातली. "इतकी वर्षं हे त्या गाडीकडे बघत बसायचे आणि मी यांच्याकडे. हे काय बघतात ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, तुला नाही कळायचं. तुम्ही सांगितलंत. आता कळल्यावर विकू कशी?"

सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

जेवणं चालू असताना अंगणात इंजिन सुरू झालं. बघतो तर डाव्या सीटवर चिकाको. माझी चिकाको, जिला स्कूटरच्या मागे बसायची भीती वाटते. मला हात करून दोघी घाटाकडे गेल्या. पाहुण्यांना भात, सूप, लोणचं मीच वाढलं. मोमोसे-सान माझ्या पेल्यात पुन्हा पुन्हा साके ओतत होते.

दोघी परतल्या तेव्हा ऊन टेकडीवरून उतरलं होतं. चिकाकोचे केस विस्कटलेले, गाल लाल. ती स्वयंपाकघरात आली, उभ्या उभ्या दोन पेले पाणी प्यायली.

"तुम्ही त्या गाडीबद्दल जे जे सांगत असता ना," ती म्हणाली, "ते सगळं खरं आहे."

"सगळं?"

"सगळं. पण वरच्या मोठ्या वळणावर ती कशी बसते, अख्खी, रस्त्यात रुतून बसल्यासारखी, आणि पोटात कसं हलकं होतं, ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

मी भांडी पुसत होतो.

"मला ते माहीत नव्हतं," मी म्हणालो.